अंगाने टाकलेली रजा

नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या महामार्गावर, वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात, तळेगाव (श्यामजी पंत) लागते. आर्वीचा आणि आष्टीचा रस्ता इथेच महामार्गाला येऊन मिळतो. भोवतालचा मुलूख कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्र्याच्या बागांचा. या पट्ट्यात पोळा झाला, भादव्याचे ऊन आणि पावसाच्या सरी आलटून पालटून येऊ लागल्या, की घराघरांत कणकण सुरू होते. नाक गळते, अंग मोडून येते, संध्याकाळी हुडहुडी भरते आणि रात्री पोर तापाने फणफणते. दवाखान्यातून माणसे एकच शब्द घेऊन परततात, ‘व्हायरल आहे.’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. पण त्याचा अर्थ आपण अर्धाच घेतला. विषाणूमुळे आलेला आजार म्हणजे व्हायरल, एवढे कळले. त्या आजारातला बराचसा त्रास विषाणूने दिलेला नसतो, तो आपल्याच शरीराच्या कामातून उठलेला असतो आणि त्या कामाला ठरावीक दिवस लागतातच, हे कळायचे राहिले. खेड्यातल्या तापाबद्दल बोलताना आपण औषधाचा विचार फार केला आणि सवडीचा केलाच नाही, असे माझे म्हणणे आहे.

सर्दीपासूनच सुरुवात करू, कारण तिच्याइतका ओळखीचा आजार दुसरा नाही. निम्म्याहून अधिक नाही तरी मोठ्या वाट्याची सर्दी ऱ्हायनो जातीच्या विषाणूंमुळे होते. हा विषाणू नाकाच्या आतल्या अस्तरात शिरतो, तिथल्या काही पेशींत आपल्या प्रती काढतो आणि पुढच्या पेशींत जातो. अस्तराची नासधूस तो फारशी करत नाही. मग इतके पाणी कुठून येते? घसा का खवखवतो? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगांतून मिळाले आहे. सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातल्या स्रावात ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ सापडतो. तो शरीर स्वतः तयार करते. त्याने रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतून पाणी झिरपते आणि वेदनेच्या नसा जाग्या होतात. विषाणूचा कणही न घालता नुसते ब्रॅडिकायनिन निरोगी माणसाच्या नाकात फवारले, तरी नाक चोंदते आणि घसा दुखू लागतो. म्हणजे जिला आपण सर्दी म्हणतो ती बहुतांशी विषाणूला मिळालेले उत्तर असते.

तापाचीही तीच कथा आहे, आणि ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान या दोघांना आढळले, की विषाणूशी गाठ पडलेल्या पेशी एक पदार्थ बाहेर सोडतात आणि तो लागलेल्या दुसऱ्या पेशींत विषाणूला वाढता येत नाही. त्याला त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिले. बाधा झालेली पेशी शेजारणींना सावध करते आणि शेजारणी आपापले दरवाजे लावून घेतात, इतके ते सरळ आहे. हे काम काही तासांत सुरू होते. पुढे हेच इंटरफेरॉन औषध म्हणून टोचले जाऊ लागले. हेपटायटिस सीच्या रुग्णांना ते अनेक वर्षे दिले गेले. तेव्हा असे दिसले, की इंजेक्शननंतर काही तासांत रुग्णाला थंडी वाजते, ताप चढतो, डोके ठणकते, सांधे दुखतात आणि गळून गेल्यासारखे वाटते. फ्लूचे एकूण एक लक्षण तिथे हजर होते, फ्लूचा विषाणू तेवढा नव्हता. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? बाधा झाली की इंटरफेरॉनच्या जोडीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन नावाचे निरोप मेंदूकडे धाडतात. मेंदूच्या तळाशी शरीराचे तापमान राखणारी जागा आहे. तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते आणि तापमानाची ठरलेली रेघ वर सरकते. काल ३७ अंश योग्य होते, आज मेंदूला ३९ हवे असते. अंग ३७ वरच असल्यामुळे त्याला ते गार वाटते. म्हणून भर उन्हात माणूस गोधडी मागतो आणि हुडहुडीने कापत ऊब तयार करतो. ताप हा बिघाड नव्हे, ती नेमून दिलेली उष्णता आहे. १९७५ साली मॅथ्यू क्लूगर यांनी वाळवंटातल्या इग्वाना सरड्यांना जिवाणूंची बाधा करून निरनिराळ्या तापमानांत ठेवले. उबेत ठेवलेले बहुतेक जगले, गारव्यात ठेवलेले बहुतेक मेले. तिथे विषाणू नव्हता, जिवाणू होता, हे खरे. पण ज्याला स्वतःचे रक्त तापवता येत नाही असा प्राणीही बाधा झाली की उबेची जागा शोधतो, यावरून ही रीत किती जुनी आहे ते कळते.

आता सात दिवसांकडे वळू. पडसे औषधाने सात दिवसांत जाते आणि औषधावाचून आठवड्यात जाते, असे लोक म्हणतात. हा आठवडा आला कुठून? आपल्याकडे रोगप्रतिकाराचे वर्णन नेहमी लढाईच्या भाषेत होते. सैन्य, शत्रू, हल्ला, तटबंदी. मला ही भाषा अपुरी वाटते, कारण लढाई एका रात्रीतही जिंकता येते. इथे जे घडते ते पेरणीच्या अधिक जवळचे आहे. शरीरात टी आणि बी नावाच्या पांढऱ्या पेशी असंख्य आहेत, आणि प्रत्येकीला वेगळाच आकार ओळखता येतो. नव्या विषाणूला ओळखणारी पेशी लाखांत एखादी, कधी दहा लाखांत एखादी असते. विषाणूचे तुकडे घेऊन काही पेशी जबड्याखालच्या, काखेतल्या गाठींपाशी पोचतात. तिथे ते तुकडे हजारो पेशींना दाखवून जुळणारी पेशी हुडकली जाते. हे बियाणे निवडणे झाले. निवडलेली पेशी मग दुभंगू लागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असे दिवसातून दोन-तीनदा घडत राहिले तरी उपयोगी पडतील इतक्या पेशी व्हायला पाच ते सात दिवस जातात. आजारपणात जबड्याखाली वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते, ती याच उगवणीची खूण. प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, त्याहूनही मागून येतात, आणि पक्की प्रतिपिंडे यायला दोन आठवडे लागू शकतात. साध्या सर्दीत तर ती पाहुणा गेल्यावर पोचतात. तिथले तातडीचे काम इंटरफेरॉन आणि त्याच्या सोबत्यांनी उरकलेले असते. प्रतिपिंडांची कमाई पुढच्या खेपेसाठी राहते. उगवणीचे दिवस सुईने कमी होत नाहीत, हे शेतकऱ्याला मी सांगायला नको.

या पेरणीचे बियाणे शरीर जपून ठेवते. १८४६ साली उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने नोंद केली, की १७८१ च्या साथीत ज्यांना लहानपणी गोवर होऊन गेला होता, त्या हयात म्हाताऱ्यांना ६५ वर्षांनी पुन्हा झाला नाही. मग सर्दी दरवर्षी का होते? शरीर विसरते म्हणून नव्हे. ऱ्हायनो विषाणूचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत, आणि एकाची ओळख दुसऱ्याला फारशी लागू पडत नाही. गोवराची मात्र दुसरी एक बाजू २०१९ साली उघड झाली. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांची गोवर येण्यापूर्वीची आणि नंतरची रक्ते तपासली, तेव्हा इतर रोगांविरुद्धची त्यांची प्रतिपिंडे ११ ते ७३ टक्क्यांनी घटलेली आढळली. गोवर स्वतःची आठवण आयुष्यभरासाठी ठेवून जातो आणि जाताना बाकीच्या आठवणी पुसतो. ‘गोवर काय, सगळ्यांनाच येतो’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक घराला हे सांगायला हवे.

पण माझा मुद्दा सवडीचा आहे. तापातला माणूस मलूल होतो, त्याला भूक लागत नाही, बोलावेसे वाटत नाही, अंथरुणातून उठवत नाही. विषाणूने त्याची शक्ती ओढून घेतली, असे आपण समजतो. १९८८ साली बेंजामिन हार्ट या पशुवैद्यक शास्त्रातल्या अभ्यासकाने वेगळा विचार मांडला आणि तो टिकला. आजारी जनावर कोपऱ्यात पडून राहते, ते दुबळेपणाने नव्हे. जे इंटरल्यूकिन ताप चढवते तेच मेंदूला हालचाल थांबवायला लावते. तापमान एका अंशाने वाढवायला शरीराला दहा-बारा टक्के जास्त इंधन जाळावे लागते. त्यात लाखो नव्या पेशी घडवायच्या असतात. हा खर्च भागवायचा तर दुसरीकडचा थांबवावा लागतो. अंगाने स्वतःहून टाकलेली ही रजा आहे. ती नाकारली तर काय होते, याचाही पुरावा आहे. १९७० साली कॉक्सॅकी विषाणूची बाधा झालेल्या उंदरांना जबरदस्तीने पोहायला लावले गेले. त्यांच्या हृदयात विषाणू विश्रांती मिळालेल्या उंदरांच्या शेकडो पट वाढला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण ताप असताना कष्टाचे काम करू नका, असे डॉक्टर सांगतात त्याला आधार आहे. माणसांवरचा पुरावा झोपेचा आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६४ स्वयंसेवकांच्या नाकात ऱ्हायनो विषाणूचे थेंब घातले. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचा संभव सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघाला. विषाणू तोच आणि मात्राही तीच होती.

आता वऱ्हाड-विदर्भातल्या मजूर बाईचा हिशेब मांडून पाहा. कापूस वेचायची मजुरी किलोवर मिळते. वेचणीचे दिवस मोजके असतात, आणि बोंडे फुटल्यावर ती कोणाच्या तापासाठी थांबत नाहीत. सोयाबीन कापणीचेही तसेच. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी पैसे नाहीत. अशी बाई दवाखान्यात येऊन ‘सुई मारा, बाटली लावा’ म्हणते, तेव्हा शिकलेली माणसे तिला अडाणी ठरवतात. मला ते पटत नाही. अर्ध्या लिटरच्या नॉर्मल सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, आणि ज्याला तोंडाने पाणी पिता येते त्याला मीठ-साखरेचे पाणी तेवढेच देते, हे तिला कोणी सांगितलेले नसेल. पण तिला जे हवे आहे ते तिला नीट ठाऊक आहे. तिला उद्या सकाळी शेतात उभे राहायचे आहे. सुईतल्या ताप उतरवणाऱ्या औषधाने, आणि कधी नको तिथे दिलेल्या स्टेरॉइडने, तेवढा एक दिवस तिला विकत मिळतो. स्टेरॉइडने तरतरी येते, कारण ते शरीराचे चाललेले कामच दाबून टाकते. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूला त्याने काहीही होत नाही. हे सगळे समजावून सांगितलेच पाहिजे. पण बुडालेल्या रोजीची सोय न करता समजावले, तर ते कोणी ऐकणार नाही.

यावर कोणी म्हणेल, मग ताप उतरवूच नये का? तसे माझे म्हणणे नाही. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन कमी करते, रेघ खाली आणते आणि माणसाला चार तास झोप लागू देते. त्याने साधा आजार लांबल्याचे ठळक दिसलेले नाही. तापाने कण्हणाऱ्या पोराला, गर्भवतीला, हृदयाचा आजार असलेल्या म्हाताऱ्याला तो सोसायला लावण्यात काही शहाणपण नाही. औषधाने मिळालेला आराम झोपण्यासाठी वापरला तर तो उपकारक ठरतो. तो वेचणीला जाण्यासाठी वापरावा लागतो, तिथे नुकसान होते.

दुसरा आक्षेप याहून फार गंभीर आहे आणि तो विदर्भाच्या मातीतूनच आला आहे. १९६५ साली नागपूर भागात तापाची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले, शास्त्रज्ञ रुग्णांचे रक्त तपासत होते. त्यात त्यांना एक अनोळखी विषाणू मिळाला. नागपूर जिल्ह्यातल्या गावावरून त्याला चांदीपुरा हे नाव पडले. बरीच वर्षे त्याला फारसे कोणी मोजले नाही. २००३ साली आंध्र प्रदेशात त्याने ३२९ मुलांना गाठले आणि त्यांतली १८३ दगावली. महाराष्ट्रातही मुले गेली. वाळूमाशीच्या चाव्यातून हा विषाणू येतो आणि मेंदूपर्यंत पोचतो. सकाळी ताप, दुपारी झटके, रात्री शुद्ध हरपलेली, असा त्याचा वेग असतो. आपली उगवण आठवड्याची आणि याचे सगळे तासांत. इथे ‘शरीर बघून घेईल’ म्हणणे म्हणजे पोर गमावणे. डेंग्यूत आणखी अवघड गोष्ट घडते. त्याचे चार प्रकार आहेत. एकदा एक होऊन गेला आणि पुढे दुसरा आला, तर पहिल्या वेळची प्रतिपिंडे त्याला अडवण्याऐवजी पेशीत शिरायला मदत करू शकतात. त्यात धोक्याची वेळ ताप उतरताना येते, घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकलेला असतो नेमकी तेव्हा. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसने माणसे मेली. तो जिवाणूचा आजार आहे आणि तिथे डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळाले तर जीव वाचतो.

तेव्हा सवड म्हणजे दुर्लक्ष नव्हे. सवड म्हणजे कोणीतरी उशाशी बसून असणे. झटका आला, पोर जागे होईना, उलट्या थांबेनात, पोटात कळा येऊ लागल्या, धाप लागली, लघवी कमी झाली, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, ताप उतरला पण हातपाय गार पडले, तर त्याच घटकेला मोठ्या रुग्णालयात न्यायला हवे. ताप तीन दिवसांपलीकडे गेला तर रक्त तपासायला हवे. पण हे बघायला घरात माणूस लागतो. आई वेचणीला, बाप ट्रकवर आणि तापलेले पोर आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली, अशा घरात धोक्याची खूण ओळखणार कोण? माझा मुद्दा या आक्षेपाने खोडला जात नाही, उलट तो अधिक पक्का होतो. रजा आजाऱ्याला लागते, तशीच त्याच्यापाशी बसणाऱ्यालाही लागते.

प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या काढ्यांबद्दल आणि चूर्णांबद्दल थोडक्यात सांगतो. प्रतिकार हा रांजण नव्हे की तो काठोकाठ भरावा. तो प्रमाणात हवा. अतोनात झाला तर तोच फुप्फुसे भरून टाकतो, हे करोनाच्या काळात आपण पाहिले. आले-तुळशीचा गरम काढा घशाला बरे वाटायला जरूर घ्यावा. पण कुपोषित मुलात टी पेशी घडवणारी थायमस ग्रंथीच आक्रसते. त्याला वरण-भात, अंडे, दूध यांनी जे मिळेल ते कोणत्याही बाटलीतून मिळणार नाही.

याच वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे. १९३६ पासून गांधीजी तिथे राहिले. पाणी, माती, उपास आणि विश्रांती यांवर त्यांचा भर होता, शरीराला त्याचे काम करू द्यावे असे ते मानत. सवडीपुरते ते मला बरोबर वाटतात. लसीला त्यांनी विरोध केला, तिथे ते चुकले असे मी आदराने म्हणतो. लस शरीराच्या कामात ढवळाढवळ करत नाही. आजार येण्याआधी, अंगात ताकद असताना पेरणी उरकून घ्यायची, एवढेच ती करते. मग खरी बाधा आली की शरीराला आठवडा लागत नाही, दोन-तीन दिवस पुरतात. ज्याला रजा परवडत नाही त्याच्यासाठी ही आधीच साठवलेली रजा आहे. गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. तिथल्या डॉक्टरांनी पुढे आसपासच्या गावांत ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्य विमा चालवला. पीक घरात आले की ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि आजारपणात रुग्णालयाने सांभाळायचे. पैशाऐवजी धान्य स्वीकारणारी ही योजना ज्यांना सुचली, त्यांना गावातल्या हाताची आणि हंगामाची खरी ओळख होती. पण शेतमजुराला मिळणारा विमा कोणताही असो, ज्वारीचा की सरकारी, तो रुग्णालयाचे बिल भरतो. घरी अंथरुणावर काढलेल्या पाच दिवसांची रोजी तो भरत नाही.

ती भरता येते, हे आपल्या देशाने फार पूर्वी मान्य केले आहे. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला. त्याखाली विमा असलेल्या कामगाराला डॉक्टरचा दाखला दाखवून आजारपणाचा भत्ता मिळू लागला, आणि पुढे तो वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के झाला. तापाला दिवस लागतात आणि त्या दिवसांत चूल पेटली पाहिजे, ही गोष्ट कायद्याने इतक्या सरळ शब्दांत ओळखली. शेतात कापूस वेचणारी बाई त्या कायद्यात आली नाही. तोच कापूस पुढे जिनिंगमध्ये जातो. तिथे गाठी बांधणारा मजूर तरी आला असेल, असे वाटेल. कायद्याने हंगामी कारखाने वगळले, त्यांची यादी दिली, आणि त्या यादीत पहिले नाव कापसाच्या जिनिंगचे होते.